माळ्यावरचे अकरा जो आणि भावाने फासलेला लाल रंग

परळच्या चाळीत राहणारे एक वाचक लिहितात :

‘आमची चाळ पुनर्विकासाला गेली असून डिसेंबरमध्ये खोली रिकामी करून द्यायची आहे. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक डबा सापडला आणि त्यात मी आणि माझा धाकटा भाऊ लहानपणी ज्यांच्याशी खेळत असू ते अकरा “जी. आय. जो” सैनिक-बाहुले निघाले. १९९० च्या सुमारास वडील पगाराच्या दिवशी क्वचित एखादा आणत. आता चौघांच्या कमरा सुटून पाय वेगळे झाले आहेत, तिघांचे अंगठे तुटले आहेत आणि एकाचे डोके हाताला चिकट लागते. एकाची कंबर मी इन्स्टंट गोंदाने जोडून पाहिली, पण ती दोन दिवसांत सुटली आणि भोवती पांढरट डाग पडला. दोघांच्या अंगावर भावाने तेव्हा सायकलच्या दुकानातून मागून आणलेला लाल ऑइलपेंट फासला आहे. तो काढून खालचा मूळ रंग परत आणावा असे वाटते. भाऊ नाशिकला असतो. तो दिवाळीत येईल तेव्हा सगळे नव्यासारखे करून त्याला दाखवायचा बेत आहे. माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणते की, यातल्या एकाला आजोबांसारखा बेस्टचा कंडक्टर करू या. मला हातकामाची सवय नाही आणि जागा दहा बाय बाराची आहे. सुरुवात कुठून करावी?’

तुमच्या पत्रात मला सर्वांत काळजीची वाटलेली ओळ गोंदाची आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. इन्स्टंट गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे पाहता पाहता कडक होतो, आणि कडक होतो तसा ठिसूळही होतो. सरळ ओढ तो चांगली सोसतो; मात्र वाकण्याचा किंवा सोलला जाण्याचा ताण त्याला सोसवत नाही, आणि कमरेचा सांधा तर वाकण्यासाठीच घडवलेला असतो. तुम्हाला दिसलेला पांढरट डाग म्हणजे त्याच गोंदाची वाफ आजूबाजूला बसून झालेली बारीक पूड आहे. दमट हवेत हा प्रकार अधिक होतो. मऊ टूथब्रश आणि साबणाचे कोमट पाणी यांनी ती पुष्कळदा बरीचशी निघते, आणि त्याच पाण्यात तो भाग काही तास बुडवून ठेवला तर उरलेल्या गोंदाची पकडही सैल होते. मग बांबूच्या दातकोरणीने तो हळूहळू उचलावा.

गोंद काढण्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर वापरावा असे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. तो वापरू नका. त्यात बहुधा ॲसिटोन असते आणि या बाहुल्यांचे धड व हातपाय ज्या एबीएस प्लॅस्टिकचे असतात ते ॲसिटोनमध्ये विरघळते. मी या छंदात नवी असताना एका बाहुल्याच्या छातीवरचा शाईचा डाग कापसाच्या बोळ्याने असाच पुसायला गेले. डाग गेला, आणि त्याच्याबरोबर छातीवर कोरलेले खिसे आणि पट्ट्याची बक्कल लोण्यासारखी पसरली. त्या छातीवर माझ्या बोटाचा ठसा अजून आहे. ती चूक दुरुस्त करण्याचा कोणताही उपाय मला सापडलेला नाही, म्हणून ही सूचना मी इतक्या आग्रहाने करते.

आता तुमच्या हातात नेमके काय आहे ते पाहू. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा बारा इंचांचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीला हात लावणार नाहीत या समजुतीने त्याला ‘डॉल’ न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ म्हणण्यात आले आणि तो शब्द तिथून रूढ झाला. १९८२ मध्ये हाच सैनिक पावणेचार इंचांच्या, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटरच्या, नव्या रूपात आला. आपल्याकडे एमआरएफ समूहाची फनस्कूल ही कंपनी परवाना घेऊन हे बाहुले भारतातच तयार करत असे. तुम्ही सांगता त्या काळात मुंबईच्या दुकानांत आलेले जो बहुतेक तिचेच. कमरेमागे कोरलेली बारीक अक्षरे भिंगातून वाचली म्हणजे याची खात्री करता येईल. ही माहिती मी एका कारणासाठी देत आहे. भारतात बनलेल्या पुष्कळ जोंचे रंग अमेरिकी जोंपेक्षा वेगळे होते, आणि त्याच वेगळेपणासाठी परदेशातले संग्राहक आज त्यांचा शोध घेत असतात. तेव्हा एखाद्या अमेरिकी बाहुल्याचे छायाचित्र समोर ठेवून आपल्याकडच्या बाहुल्याचा रंग ‘चुकलेला’ आहे असे ठरवू नका. पिवळ्या पँटचा सैनिक तुमच्या डब्यात असेल तर तो दुकानातूनच तसा आलेला असण्याचा संभव आहे.

या लहान जोंची रचना मला आजही फार सुंदर वाटते, कारण ती खोलता येते. पाठीत एकच स्क्रू आहे. तो काढला की धडाचे छाती आणि पाठ असे दोन भाग वेगळे होतात, आणि आत कुठेही गोंद दिसत नाही. मानेचा गोळा आणि दोन्ही खांद्यांचे खुंट या दोन भागांमध्ये नुसते धरलेले असतात. दोन्ही मांड्यांच्या मध्ये धातूचा एक आकडा असतो. हा आकडा कमरेच्या तुकड्यातल्या भोकातून वर येतो, आणि आकडा व छातीतली खुंटी यांच्यामध्ये रबराची एक ओ-रिंग, म्हणजे गोल कडी, ताणलेली असते. संपूर्ण खालचे शरीर त्या एका रबरावर तोललेले असते. तुमच्या चार जोंचे पाय बहुधा मोडलेले नाहीतच. तीस-पस्तीस वर्षांत रबर सुकले, चिरले आणि तुटले, एवढेच झाले आहे. याचा अर्थ तुमच्या नुकसानीचा सर्वांत मोठा भाग काही रुपयांच्या रबरी कडीने भरून निघणार आहे.

ही कडी खेळण्यांच्या दुकानात मागू नका. पंप आणि हायड्रॉलिक सामानाची दुकाने जिथे आहेत तिथे, म्हणजे मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर, चौकशी करा. बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, आतला ११ आणि रबराची जाडी अडीच मिलिमीटर, नायट्राइल रबराची, असे सांगितले की दुकानदाराला काय हवे ते कळते. तुटलेली एखादी कडी डब्याच्या तळाशी सापडली तर तीही नमुन्याला न्या, मात्र सुकलेले रबर आकसते हे ध्यानात ठेवून मोजमाप सोबत असू द्या. अकरा जोंसाठी वीस कड्या घ्या. ज्यांच्या कमरा अजून शाबूत आहेत त्यांचीही रबरे त्याच वयाची आहेत, आणि ती तुमच्या मुलीच्या हातात तुटण्यापेक्षा तुमच्या टेबलावर बदललेली बरी. कडी फार लहान घेतली तर सतत ओढ बसून कमरेचा तुकडा किंवा त्याखालची नाजूक पट्टी मोडते. फार मोठी घेतली तर बाहुला उभा राहत नाही. हाताने वरचे धड हलकेच ओढल्यावर ते थोडे उचलले जावे आणि सोडताच जागेवर परत बसावे, इतका ताण पुरे.

खोलण्याचे काम घाईने करू नका. घड्याळजींकडे असतात तसल्या लहान स्क्रूड्रायव्हरांचा एक संच आणा आणि स्क्रूच्या चौफुलीत न डगमगता बसेल तोच स्क्रूड्रायव्हर निवडा. फिरवण्याच्या जोरापेक्षा दाबण्याचा जोर जास्त असू द्या, कारण मुंबईच्या हवेत इतकी वर्षे राहिलेल्या स्क्रूचे डोके गंजलेले असते आणि स्क्रूड्रायव्हर एकदा घसरला की चौफुली गोल होते. स्क्रू हलत नसेल तर बाहुला पालथा धरून खाचेतला गंज टाचणीने कोरून काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. तेल सोडू नका, ते आत झिरपून रंग बिघडवू शकते. खोलण्यापूर्वी आणि खोलल्यावर मोबाइलवर छायाचित्रे काढा, आणि एका वेळी एकच बाहुला खोला. चार एकदम खोलले तर कोणता दंड कोणाचा हे सांगता येणार नाही. ते दिसायला सारखे असले तरी प्रत्येक खांदा आपापल्या खोबणीत झिजलेला असतो.

बंद करताना एक युक्ती अवश्य वापरा. स्क्रू भोकात ठेवून आधी उलट दिशेने, म्हणजे सैल करण्याच्या दिशेने, हळू फिरवा. एका जागी तो ‘टक’ करून किंचित खाली बसल्याचे बोटाला जाणवेल; तिथे त्याला प्लॅस्टिकमध्ये पूर्वीच पडलेले आटे सापडलेले असतात. आता सरळ फिरवून घट्ट करा. असे केले नाही तर स्क्रू दर वेळी नवे आटे कापतो आणि तीन-चार खेपांत भोक निकामी होते. ही सवय रेडिओ, रिमोट, मिक्सर अशा प्लॅस्टिकच्या प्रत्येक वस्तूला उपयोगी पडणारी आहे. कितपत घट्ट करायचे हे हातच शिकवतो. दोन भागांमधली फट मिटली की थांबावे. त्यापुढचा अर्धा फेरा खांद्याला तडा देतो.

अंगठ्यांचे काम मात्र खरोखर अवघड आहे, आणि तिथे सगळे नव्यासारखे होईल असे मी म्हणणार नाही. अंगठा तुटतो तो बहुधा थंड, कडक हातात जाड मुठीची बंदूक दडपून बसवल्यामुळे. जे अंगठे शाबूत आहेत त्यांच्या बाबतीत पुढे हात गरम पाण्यात मिनिटभर धरून प्लॅस्टिक थोडे नरम झाल्यावरच शस्त्र सरकवावे, आणि त्याहून उत्तम म्हणजे ते हातात कायम ठेवूच नये. तुटलेला तुकडा डब्यात सापडला तर इन्स्टंट गोंदाचा अगदी सुईच्या टोकाइतका थेंब इथे चालेल, कारण इथे हलणारा सांधा नाही; पण तो अंगठा त्यानंतर केवळ दिसण्यापुरता राहील. तुकडा हरवला असेल तर तळहातात अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळेची बारीक तार बसवायची, आणि तारेवर दोन भाग मळून तयार होणाऱ्या इपॉक्सी पुटीचा अंगठा घडवायचा. एम-सील सगळीकडे मिळते, पण त्याचा पोत भरड असतो आणि मळल्यानंतर हाताशी वेळही थोडाच राहतो. मॉडेल बनवणाऱ्यांची बारीक पुटी मिळाली तर ती आणा. हातात धरून बोटांनी फिरवायचे बारीक ड्रिल आणि त्याची पाती झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्यांकडे पाहा. विजेचे ड्रिल या कामाला लावू नका, त्याच्या वेगाने प्लॅस्टिक वितळून पात्याला गुंडाळले जाते. तिघांचे अंगठे करायला घेण्यापूर्वी एखाद्या टाकाऊ पेनाच्या टोपणावर चार-पाच वेळा सराव करा. तो केल्यावरही हात थरथरत असेल तर अंगठे तसेच राहू द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. अंगठा नसलेला जो हा खेळून झालेला जो आहे, त्यात कमीपणा काही नाही; वेडावाकडा अंगठा मात्र रोज डोळ्यांना खुपत राहतो.

चिकट डोक्याचे कारण वेगळे आहे. डोकी आणि काही पट्टे पीव्हीसीचे असतात, आणि पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते. ते वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पाझरते. शाळेत असताना कंपासपेटीत खोडरबर राहून गेला की तो प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिच्यावर खळगा पाडत असे, ते आठवून पाहा; तिथेही हेच घडत होते. नखाने दाबल्यावर किंचित दबते ते बहुधा पीव्हीसी आणि टेबलावर टाकल्यावर टक्क वाजते ते बहुधा एबीएस, एवढी ओळख तुमच्या कामाला पुरेल. चिकट डोके भांडी घासण्याच्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि बंद पिशवीत ठेवू नका. काही महिन्यांनी पुन्हा धुवावे लागेल, कारण पाझरणे थांबवता येत नाही. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या का, हेही पाहा. त्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेने काही प्लॅस्टिके मऊ पडतात. माळ्यावरच्या सामानात त्या गोळ्या टाकण्याची आपल्या घरांची रीत आहे, पण या डब्याजवळ त्या पुन्हा येऊ देऊ नका.

आता लाल रंगाकडे वळते. आधी त्याची तांत्रिक बाजू सांगते. जोच्या अंगावरचे कारखान्यातले रंग, म्हणजे भुवया, पट्टे, बोधचिन्हे, हे प्लॅस्टिकवर दिलेले अतिशय पातळ थर असतात. तीस वर्षे मुरलेला ऑइलपेंट सर्जिकल स्पिरिटला सहसा दाद देत नाही. त्याला विरघळवेल असे जे जे काही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, थिनर असो वा पेट्रोल, ते आधी खालचा मूळ रंग नेते आणि त्यानंतर प्लॅस्टिकला भिडते. शिवाय दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे गॅसची शेगडी आणि देवापुढचा दिवा हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे या वस्तू उघडणे धोक्याचे आहे. वरचा रंग तेवढा उतरवून खालचा राखणे हे तैलचित्रांची डागडुजी करणाऱ्या प्रशिक्षित माणसालाही कष्टाचे काम आहे. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ रंग परत आणणे म्हणता ते प्रत्यक्षात लाल आणि मूळ असे दोन्ही रंग घालवून तिसरा, तुम्ही दिलेला रंग चढवणे ठरेल. गुळगुळीत एबीएसवर ऑइलपेंटची पकड पुष्कळदा कच्ची असते, त्यामुळे एखाद्या कडेला पोपडा सुटलेला असेल तर तो दातकोरणीने उचलून पाहता येईल. पण हे पावलाच्या तळव्यासारख्या न दिसणाऱ्या जागी करून पाहिल्याशिवाय चेहऱ्याकडे वळू नका.

तंत्राची बाजू एवढी. याखेरीज मला एक विचारावेसे वाटते : भावाने ते दोघेच का रंगवले? लहान मुले कारणाशिवाय रंग लावत नाहीत. ते दोघे शत्रुपक्षाचे झाले असतील, जखमी झाले असतील, किंवा सायकलवाल्याने रंग तेवढाच दिला असेल. तुमच्या मुलीला आज जे करायचे आहे, म्हणजे तयार मिळालेल्या बाहुल्यापासून आपल्या मनातला माणूस घडवायचा, तेच तुमच्या भावाने तेव्हा उसना रंग घेऊन केले होते. जगभर लोक ज्याला कस्टमायझेशन म्हणून मोठ्या आवडीने करतात त्याचे तुमच्या घरातले ते पहिले दोन नमुने आहेत. त्यांच्यावर आता निर्णय घेण्याचा अधिकार एकट्या तुमचा नाही. दिवाळीपर्यंत गुपित राखण्याचा मोह मी समजू शकते, तरीही या दोघांपुरते ते गुपित सोडा आणि त्याला फोन करून विचारा. त्याने काढून टाक म्हटले तर वर सांगितलेल्या मर्यादेत प्रयत्न करा. राहू दे म्हटले तर त्या दोघांच्या कड्या बदला, त्यांना साबणाच्या पाण्याने हलकेच धुवा, आणि रंगाला हात लावू नका. तो काहीही म्हणाला तरी ते दोघे रंगवलेले जो नेमके कोण होते हे त्याच्याकडून ऐकून लिहून ठेवा. मला वाटते की त्याला विसर पडलेला नसेल.

मुलीच्या बेताने मला मनापासून आनंद झाला. तिला नाही म्हणू नका, पण त्या अकरांपैकी कोणालाही कापू देऊ नका. कंडक्टरसाठी वेगळा बाहुला विकत आणा. पावणेचार इंची बाहुले जुन्या खेळण्यांच्या ढिगांत सापडतात; चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, शुक्रवारी सकाळी तिला घेऊन जा. मोडका मिळाला तरी चालेल, किंबहुना मोडका घेतलेला बरा, म्हणजे हात मोकळा राहतो. निवडताना दोन गोष्टी पाहा. सदरा शक्य तितका साधा असावा, कारण हातबाँब, सुऱ्या, काडतुसांचे पट्टे हे सगळे शरीरातच ओतलेले असते आणि ते धारदार पात्याने तासून, खड्डे पुटीने भरून, ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासावे लागते. पाण्यात घासले की धूळ उडत नाही. पाते तुम्ही चालवा, घासणे तिला द्या. दुसरे म्हणजे, हातापायांचे प्लॅस्टिक मुळातच खाकी किंवा तपकिरी असेल तर फार सोय होते. कोपर आणि गुडघे जिथे एकमेकांवर घासतात तिथे कोणताही रंग टिकत नाही, आणि निळ्या प्लॅस्टिकवरची खाकी चार दिवसांत निळी डोकावू लागते.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच घ्या. कॅम्लिनचे लहान बाटलीतले पुरतात. मऊ पीव्हीसीवर ऑइलपेंट लावला तर तो प्लॅस्टिसायझरमुळे वर्षानुवर्षे चिकट राहू शकतो, हे भावाच्या दोघांपैकी कोणाचे डोके लाल असेल तर हाताला कळेलच. आधी बाहुला साबणाने धुऊन बोटांचे तेल घालवा. रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ करा आणि तीन-चार थर द्या, प्रत्येक थर पुरता वाळल्यावर पुढचा. खाकीसाठी यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट अंबर आणि पांढरा मिसळून तिने चार-पाच छटा कागदावर करून पाहाव्यात आणि आजोबांचा जुना गणवेश किंवा निदान एखादे रंगीत छायाचित्र घरात असेल तर त्याच्याशी ताडून घ्याव्यात. छटा ठरली की पुरेशी एकदम मिसळून झाकणाच्या डबीत भरून ठेवावी, कारण दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा साधत नाही. सदऱ्याच्या चुण्यांत शेवटी अतिशय पातळ तपकिरी रंग सोडून वरचा पुसून घेतला की कापड कापडासारखे दिसू लागते.

बाकीचे सामान करण्यात खरी मौज आहे. पावणेचार इंची जो साधारण १:१८ या प्रमाणात असतो. म्हणजे मूळ वस्तूचे माप १८ ने भागायचे. आजोबांची तिकिटांची पेटी घरात जपलेली असेल तर ती मोजा. १८ सेंटिमीटरची बाजू एक सेंटिमीटर होईल. पेटीसाठी मुदत संपलेल्या बँक कार्डाचे तुकडे छान उपयोगी पडतात, आणि इथे न हलणारे जोड असल्यामुळे तुमचा तो इन्स्टंट गोंदही कामाला येईल. तिकिटांच्या गड्ड्यांसाठी रंगीत कागदाच्या बारीक पट्ट्या, पैशांच्या पिशवीसाठी जुन्या पाकिटाचे पातळ चामडे, आणि तिकिटाला भोक पाडणाऱ्या चिमट्यासाठी दुमडलेली पितळेची तार. चेहऱ्यासाठी वेगळे डोके लागले तर धड उघडून मान बदलता येते, आणि आजोबांना मिशी असेल तर ती पुटीची बारीक वळी ओली असतानाच दातकोरणीने बसवायची. डोळे सगळ्यांत शेवटी, भिंग लावून, ब्रशऐवजी दातकोरणीच्या टोकाने. डोळा बिघडला तर रंग ओला असतानाच ओल्या कापसाने पुसावा आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये.

वेळेचे गणित मुंबईच्या हवेने ठरवायचे. मी हे लिहीत असताना बाहेर भाद्रपदातला पाऊस चालू आहे. धुणे, खोलणे, कड्या बदलणे, अंगठे, कंडक्टरचे तासकाम हे सगळे आता करता येईल. मॅट वार्निशचा स्प्रे मात्र या हवेत मारू नका, त्यावर दुधाळ पडदा चढतो आणि आठवड्याचे काम वाया जाते. दसरा उलटून ऑक्टोबरची कोरडी उन्हे पडली की एखाद्या दुपारी गच्चीवर, तोंडाला मास्क लावून, लांबून दोन हलके हात द्या. तो फक्त कंडक्टरला. अकरा जोंना वार्निश नको, त्यांना ते नंतर कधीच काढता येणार नाही.

डिसेंबरात घर हलवताना प्रत्येक बाहुला वेगळ्या पांढऱ्या, छपाई नसलेल्या कागदात गुंडाळा, म्हणजे चिकट डोके दुसऱ्याच्या छातीला लागणार नाही. बिस्किटांचा तोच डबा वापरायला हरकत नाही, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि तो नव्या घरात खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवा. प्रत्येक कागदात एक चिठ्ठी असू द्या : कडी कोणत्या महिन्यात बदलली, अंगठा कोणत्या पुटीचा आहे, गोंद कुठे लावला आहे. नवे रबरही कधीतरी सुकेल, आणि त्या वेळी पाठीतला स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला, मग ती तुमची मुलगी असो वा नाशिकचा पुतण्या, आत काय सापडणार आहे ते आधी कळलेले असेल. उरलेल्या नऊ कड्याही त्याच डब्यात ठेवा, मात्र वेगळ्या कागदी पाकिटात.